मंगल कार्यालय कसं ठरवावं आणि लग्नाचा दिवस कसा आखावा: पुण्यात पहिल्यांदाच कार्य काढणाऱ्यांसाठी

आमच्या घरात आधी भाचीचं आणि मग मुलाचं, अशी दोन्ही कार्यं पुण्यातच झाली. एकदा आम्ही वधूपक्ष, एकदा वरपक्ष. दोन्ही वेळा कार्यालय शोधणं, भाव ठरवणं आणि त्या दिवसाची वेळ सांभाळणं माझ्याकडे होतं. आता नात्यातलं, शेजारचं कुणी लग्न ठरलं की फोन करतं, आणि सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच असतात. म्हणून हे क्रमाने लिहिते आहे. सकाळी लग्न आणि संध्याकाळी त्याच जागी स्वागत समारंभ, असं धरून चालू, कारण पुण्यात बहुतेक जण तेच करतात.

आधी माझं ठाम मत सांगते. जागा बघायला गेल्यावर नजर झुंबराकडे आणि स्टेजकडे जाते. पण सजावट एका रात्रीत हवी तशी बदलता येते. जिना, पार्किंग, जेवणाचा हॉल आणि जागा तुमच्या ताब्यात असण्याचे तास मात्र बदलता येत नाहीत. पाहुणा सुखाने आत यावा, वेळेत जेवावा आणि घरी जावा, एवढं ज्या जागेत जमतं ती चांगली जागा.

१. जागा बघण्याआधी तारीख आणि आकडा

तुळशीची लग्नं कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत लागतात आणि तिथून लग्नसराई सुरू होते. पौषात बरेच जण कार्य टाळतात, चातुर्मासात मुख्य मुहूर्त नसतात, गुरू-शुक्राच्या अस्ताचे दिवसही गळतात. अधिक मास आला तर आणखी एक महिना जातो. २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून, म्हणजे नेमका सुट्टीत. त्यामुळे उरलेल्या शनिवार-रविवारच्या मुहूर्तांवर सगळं गाव तुटून पडतं आणि चांगली कार्यालयं आठ-दहा महिने आधीच भरतात.

एकाच तारखेवर अडून बसू नका. गुरुजींना बसवून तीन-चार तारखा काढून घ्या, त्यातली एक तरी मधल्या वारची असू द्या. पंचांगात मुख्य मुहूर्तांखेरीज गौण काळातले मुहूर्तही वेगळे छापलेले असतात. ते चालत असतील तर जागाही मिळते आणि भावही उतरतो. हे दोन्ही घरांनी आधी एकमेकांना विचारून घ्यावं. एका घरात चालतं आणि दुसऱ्या घरात चालत नाही, हे बयाणा दिल्यावर कळलं तर मनं दुखावतात.

आकडा काढताना घरं मोजा, मग प्रत्येक घरापुढे खरोखर येतील ती माणसं लिहा. दुपारचं जेवण आणि संध्याकाळचा समारंभ यांचे रकाने वेगळे करा. ऑफिसची मंडळी, सोसायटीतले लोक बहुधा संध्याकाळीच येतात. दोन्ही पक्षांची यादी एकाच वहीत हवी, नाहीतर सामाईक ओळखीची माणसं दोनदा मोजली जातात. पुढची गणितं मी दुपारी ४०० आणि संध्याकाळी ५०० माणसं धरून करते आहे.

२. कार्यालय, लॉन की हॉटेलचा हॉल?

जुनी मंगल कार्यालयं शहरात मध्यावर असतात. तिथे विहीण-व्याह्यांच्या खोल्या, होमाची सोय, पंगतीचा हॉल, ठरलेला आचारी, सगळं लग्न डोळ्यापुढे ठेवून बांधलेलं असतं. पार्किंग मात्र बेताचं. कर्वे रस्त्याच्या बाजूला जागा घेतलीत तर एक सोय आहे: पिंपरीकडचा पाहुणा सिव्हिल कोर्टला मेट्रो बदलून नळ स्टॉपला उतरू शकतो. पत्रिकेसोबत पाठवायच्या नकाशात हे आवर्जून लिहा.

लॉन म्हणजे मोकळी हवा आणि मोठा आकडा. म्हात्रे पुलाकडून राजाराम पुलाकडे जाणाऱ्या डीपी रस्त्यावर ती ओळीने आहेत. मुहूर्ताच्या संध्याकाळी या सगळ्यांकडे एकदमच पाहुणे येतात, हे लक्षात घ्या. त्या रस्त्यावर समारंभ असेल तर पत्रिकेतली वेळ अर्धा तास अलीकडे घ्या. नदीकाठच्या जागेला पावसाळ्यात खडकवासला धरणाच्या विसर्गाचा धाक असतो, आणि परतीचा पाऊस तर कुठल्याही लॉनवर येऊ शकतो. म्हणून पाऊस आला तर ५०० माणसं कुठे उभी राहतील, हा प्रश्न लॉनवाल्याला विचारा आणि ती आडोशाची जागा स्वतः जाऊन बघा.

हॉटेलचा हॉल दोनशे-अडीचशे माणसांच्या समारंभाला छान. पण होम करू देतात का, हे पहिल्याच फोनवर विचारा. धुराच्या अलार्ममुळे अनेक ठिकाणी परवानगी नसते.

३. जागा बघायला जाताना

रिकाम्या दिवशी एकदा जा, आणि दुसऱ्यांदा तिथे कार्य चालू असताना जा. मालकाला सांगून बाजूला उभं राहिलं तर कुणी हरकत घेत नाही. खरी जागा दुसऱ्या भेटीत कळते: बेसिनपाशी पाणी साचतं का, लिफ्टपुढे रांग किती, पहिली पंगत उठून दुसरी बसेपर्यंत किती वेळ जातो.

शक्यतो घरातल्या एखाद्या वयस्कर माणसाला बरोबर न्या. गुडघे दुखणाऱ्या आजी स्टेजपर्यंत आणि जेवणाच्या हॉलपर्यंत कशा पोचतील, हे त्या दहा मिनिटांत सांगतात. स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे का, कमोड आहे का, व्हीलचेअर दारातून जाते का, हेही पाहून घ्या.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: जेवणाच्या हॉलमध्ये एका वेळी किती पानं बसतात? "आमची कपॅसिटी ८००" या उत्तराने काही कळत नाही, तो बहुधा वरच्या हॉलमधल्या खुर्च्यांचा आकडा असतो. एका पंगतीला १०० माणसं बसत असतील आणि पंगतीला पाऊण तास लागत असेल, तर ४०० माणसांच्या चार पंगती म्हणजे तीन तास. पावणेएकला पहिली पंगत बसली तर शेवटची पावणेचारला उठणार. जागा चारला सोडायची असेल तर घरची माणसं घाईघाईत जेवणार, आणि त्यांच्याआधी आचारी भांडी आवरायला लागणार. म्हणून १५० ते २०० पानांचा हॉल शोधा, किंवा निम्म्या लोकांना बुफे द्या.

पार्किंगचंही असंच आहे. संध्याकाळच्या ५०० माणसांना साधारण ६० चारचाकी आणि १०० दुचाकी येतील असं धरा. जागेत ३०च गाड्या मावत असतील तर उरलेल्या कुठे लावायच्या हे मालकाकडून कळायला हवं. जवळची शाळा किंवा मैदान असेल तर ते कुणाच्या परवानगीने मिळतं, हेही विचारा.

खोल्या किती, वातानुकूलित किती, कडी-कुलूप धड आहे का, गिझर चालतो का, जनरेटरवर पंखे आणि लिफ्ट चालते की फक्त स्टेजचे दिवे, हे स्वतः बटण दाबून पाहा.

४. भाव: काय धरून, काय सोडून

फोनवर सांगितलेला आकडा आणि शेवटचं बिल यांत मोठी तफावत पडते. ती कुठे पडते, ते असं.

*वेळ.* "एक दिवस" म्हणजे काय, ते तासांत लिहून घ्या. काही ठिकाणी सकाळी ६ ते दुपारी ४ ही एक पाळी आणि संध्याकाळ ही दुसरी. काही ठिकाणी आदल्या संध्याकाळपासून, म्हणजे सीमांतपूजनापासून ताबा मिळतो. सकाळचं लग्न तुमचं आणि संध्याकाळची पाळी दुसऱ्या कुणाला दिलेली, असंही होतं. तेव्हा दुपारी तीनलाच दुसरे डेकोरेटर शिड्या घेऊन उभे राहतात. दिवसभराची जागा घेत असाल तर दोन्ही पाळ्या तुमच्या नावावर आहेत, हे पावतीवर आलं पाहिजे.

*जीएसटी.* हॉलच्या भाड्यावर १८ टक्के लागतो. सांगितलेला भाव कर धरून आहे की सोडून, आणि जेवण व सजावटीच्या बिलावर किती टक्के लावणार, हे वेगवेगळं विचारा.

*वीज आणि डिझेल.* बऱ्याच ठिकाणी युनिटप्रमाणे पैसे घेतात. ताबा घेताना आणि सोडताना मीटरचा फोटो काढा. जनरेटर तासावर असेल तर तोही.

*बाहेरचा केटरर, बाहेरचा डेकोरेटर.* चालतो म्हणतात, पण त्यावर रॉयल्टी घेतात. ती कधी ताटामागे असते, कधी ठोक. रॉयल्टी धरून बेरीज केली की अनेकदा आतलाच आचारी परवडतो. चव मात्र आधी घेऊन बघा.

*बारीकसारीक.* स्वच्छता, सुरक्षारक्षक, जादा खोल्या, होमाचं कुंड, चौरंग-पाट, पाण्याचा टँकर, मोडतोडीचं डिपॉझिट. यादी करून प्रत्येकापुढे "भाड्यात" किंवा "वेगळे" असं मालकाकडूनच लिहून घ्या.

गाण्यांच्या परवान्यासाठी म्हणूनही काही ठिकाणी पैसे मागतात. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(झेडए) मध्ये लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांना सूट आहे, आणि केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये सूचना काढून ती पुन्हा स्पष्ट केली आहे. मागणी आली तर भांडण न करता हे दाखवा आणि लेखी मागा.

५. बयाणा देण्याआधीचे कागद

तोंडी शब्दावर विश्वास ठेवू नये, असं मी म्हणत नाही. पण आठ महिन्यांनी तिथला मॅनेजर बदललेला असतो, आणि मग कागदच बोलतो. हे बघून, मागून घ्या:

- तारीख, तास, हॉलचं नाव, खोल्यांची संख्या आणि एकूण रक्कम लिहिलेली पावती किंवा करारपत्र
- रद्द केलं किंवा तारीख बदलली तर किती पैसे परत मिळतील, याची अट
- अग्निसुरक्षेचं 'नमुना ब' प्रमाणपत्र. राज्याच्या २००६ च्या कायद्यानुसार ते दर जानेवारी आणि जुलैत नव्याने द्यावं लागतं, म्हणून तारीख बघा
- केटररच्या अन्न परवान्याचा १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक
- जीएसटी क्रमांक असलेलं अंदाजपत्रक
- ध्वनिक्षेपकाची परवानगी कोण काढणार, याचा उल्लेख

पैसे चेकने किंवा यूपीआयने द्या. "रोख दिलेत तर कर लावत नाही" असं कुणी म्हटलं तर नाही म्हणा. पावती नसली की वाद झाल्यावर तुमच्या हातात काहीच राहत नाही.

आवाजाबद्दल एक पक्कं लक्षात ठेवा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचं १०० मीटरचं क्षेत्र शांतता क्षेत्र असतं. लॉनवर संगीत ठेवणार असाल तर ते साडेनऊपर्यंत आटोपेल असंच आखा. मांडवात आवाज चालू असताना पोलीस आले तर सगळ्या पाहुण्यांसमोर वधू-वरांच्या आईवडिलांना पुढे जावं लागतं.

थर्मोकोलची नावं, मखर, प्लास्टिकचे चमचे-पेले यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. डेकोरेटरला हे पहिल्याच दिवशी सांगा. फुलं, कापड आणि कागद यांत सुंदर काम होतं.

६. जेवण

लग्न लोकांच्या लक्षात राहतं ते जेवणावरून. दुपारी पारंपरिक पान ठेवा, असा माझा आग्रह आहे: वरणभात-तूप, मसालेभात, अळूची भाजी, बटाट्याची भाजी, पुरी, कोशिंबीर, पंचामृत, जिलबी आणि मठ्ठा. एवढंच, पण गरम आणि आग्रहाने वाढलेलं. दहा काउंटर मांडून प्रत्येक पदार्थ कोमट मिळण्यापेक्षा हे कितीतरी समाधानाचं.

चव घ्यायला केटररच्या ऑफिसात जाऊ नका, तिथे चार माणसांचं केलेलं असतं. त्याचं ३००-४०० पानांचं काम चालू असेल तिथे, यजमानांची परवानगी घेऊन, शेवटच्या पंगतीला चव बघा. तेव्हाही मसालेभात मोकळा असेल आणि जिलबी कुरकुरीत असेल तर आचारी चांगला.

भाव ताटावर ठरतो आणि त्यात एक किमान आकडा बांधून घेतात. आमंत्रितांच्या साधारण ८० टक्क्यांवर बांधा, आणि त्याच्या वर दहा टक्के ताटं त्याच भावात द्यायची, असं लिहून घ्या. ताटांची मोजणी हा वादाचा ठरलेला विषय. सुरुवातीला रचलेली ताटं तुमच्या बाजूच्या एका माणसाने केटररच्या माणसाबरोबर मोजावीत, शेवटी उरलेली पुन्हा दोघांनी मिळून मोजावीत, आणि तिथेच कागदावर दोघांच्या सह्या व्हाव्यात. फोटोग्राफर, बँडवाले, ड्रायव्हर, गुरुजी यांची ताटं कशी धरायची, हेही आधी ठरवा. आणि ही माणसं जेवली का, हे बघायला एक जण नेमा. दिवसभर राबलेला माणूस उपाशी घरी जाता कामा नये.

वाढपी किती? शंभर पानांच्या पंगतीला आठ-दहा तरी हवेत. बुफेला दर १००-१२५ माणसांमागे एक दोन्ही बाजूंनी वाढून घेता येईल असं टेबल मांडा, आणि मुलं व वृद्ध यांच्यासाठी बसून जेवायची दहा-बारा टेबलं राखून ठेवा. उरलेलं अन्न घेऊन जाणाऱ्या संस्थेशी आठवडाभर आधी बोलून ठेवा. रात्री अकराला फोन फिरवत बसलं तर तोवर अन्न उतरलेलं असतं.

७. स्टेजवरच्या रांगेचं गणित

स्वागत समारंभ बिघडतो तो बहुधा इथेच. ५०० माणसं, चौघांचा एक गट, म्हणजे १२५ गट. प्रत्येक गटाला एक मिनिट दिलं तरी दोन तास लागतात. फोटोग्राफरने दोन-दोन मिनिटं घेतली तर चार तास, आणि तुमच्याकडे सात ते दहा असे तीनच.

म्हणून नवरा-नवरी सातला स्टेजवर असलीच पाहिजेत. पाहुणे साडेसात ते नऊ या दीड तासात गर्दी करतात, त्याआधीचा अर्धा तास घरच्या मोठ्या गटांच्या फोटोंना द्या. दोघांचे निवांत फोटो दुसऱ्या दिवशी. रांगेच्या तोंडाशी दोन्ही घरांतली एकेक ओळखणारी व्यक्ती उभी करा. ती वृद्धांना आणि लहान मूल कडेवर असलेल्यांना पुढे आणेल, आणि नवरा-नवरीला कानात नावंही सांगेल. स्टेजला चढायला एका बाजूने आणि उतरायला दुसऱ्या बाजूने पायऱ्या हव्यात. उतरल्यावर समोरच जेवणाचा रस्ता दिसला पाहिजे.

८. दिवसाचं वेळापत्रक

मुहूर्त १२ वाजून २० मिनिटांचा धरला तर:

- ६.०० ताबा, मीटरचा फोटो, खोल्यांच्या किल्ल्या. खोलीला स्वतःचं कुलूप लावा
- ७.०० चहा-नाश्ता
- ८.०० पुण्याहवाचन, देवक. आदल्या दिवशी घरी झालं असेल तर हा वेळ तयारीला मिळतो
- १०.३० नवरीचं गौरीहर पूजन. तोवर रुखवत मांडून झालेलं असावं
- १२.०० अंतरपाट, अक्षता वाटणं
- १२.२० मंगलाष्टकं संपून अक्षता
- १२.४५ पहिली पंगत. तोवर वरच्या हॉलमध्ये कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी
- २.३० नवरा-नवरी आणि घरच्यांची पंगत
- ३.३० विश्रांती. हा वेळ कुणालाही देऊ नका
- ४.१५ मेकअप, दुसरीकडे स्टेजची सजावट बदलणं
- ७.०० स्वागत समारंभ
- ९.४५ संगीत बंद, घरच्यांचं जेवण

मंगलाष्टकं म्हणायची हौस असलेल्या नातेवाइकांची नावं गुरुजींना आदल्या दिवशी द्या. नवरीच्या मेकअपला अडीच तास लागतात, ते कमी होत नाहीत; त्यातून वाचवायला जाल तर रांग लांबेल. आणि या वेळापत्रकावर एकाच माणसाचा अधिकार हवा. वधू-वरांचे आईवडील नकोत, त्यांना विधींना बसायचं असतं आणि आल्यागेल्याला भेटायचं असतं. एखादा मामा, मावशी किंवा काका नेमा आणि दोन्ही घरांना त्यांचं नाव सांगून टाका.

दागिने, आहेराची पाकिटं आणि रोकड यांची एक बॅग, एकच माणूस, आणि त्या माणसाला दुसरं काम नाही. फोटोसाठी बोलावलं म्हणून खुर्चीवर ठेवलेली बॅग नेमकी तेव्हाच उचलली जाते. अनोळखी पण नीटनेटके कपडे घातलेलं मूल खोल्यांपाशी घुटमळताना दिसलं तर प्रेमाने कुणाकडचं ते विचारा.

बरोबर एक पिशवी असू द्या: सेफ्टी पिना, सुईदोरा, कात्री, चिकटपट्टी, काडेपेटी, जादा मुंडावळ्या, जादा जानवं, ओटीचं सामान, सुटे पैसे, डोकेदुखी आणि पित्ताच्या गोळ्या, ग्लुकोज, पॉवर बँक, पेन आणि कोरी वही.

९. रात्रीचा हिशोब आणि नंतरची नोंदणी

निघण्याआधी मीटरचा फोटो, ताटांचा कागद, डिपॉझिट परत कधी आणि कसं मिळणार याची लेखी नोंद. खोल्यांतली कपाटं, बाथरूममधले हूक, फ्रीज एकदा उघडून बघा. शालू आणि चार्जर हमखास तिथेच राहतात.

विवाह नोंदणीची तयारी मात्र कार्यालयातच करून घ्या. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्यानुसार लग्नापासून ९० दिवसांत नोंदणी करायची असते, शहरात महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात आणि गावात ग्रामपंचायतीकडे. त्यासाठी 'नमुना ड' भरावा लागतो, त्यावर गुरुजींची आणि तीन साक्षीदारांची सही लागते. हा अर्ज छापून लग्नाच्या दिवशी बरोबर न्या आणि गुरुजी दक्षिणा घेऊन निघण्याआधी त्यांची सही व पत्ता घ्या. हंगामात ते पुढे महिनाभर सापडत नाहीत. बाकी लागतं ते असं:

- लग्नपत्रिका आणि विधीचा फोटो
- दोघांचे वयाचे पुरावे: जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला
- दोघांचे पत्त्याचे पुरावे आणि पासपोर्ट आकाराचे फोटो
- तीन साक्षीदारांची ओळखपत्रं
- १०० रुपयांचं कोर्ट फी तिकीट

विशेष विवाह कायद्याने नोंदणी विवाह करून फक्त स्वागत समारंभ ठेवणार असाल तर क्रम उलटा. दोघांपैकी एक जण ज्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहतो आहे तिथल्या विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्यावी लागते, ३० दिवस थांबावं लागतं, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न करावं लागतं. तेव्हा आधी नोटीस, मग विवाहाची तारीख, आणि त्यानंतरची एखादी संध्याकाळ बघून कार्यालयाचा बयाणा.

मूळ प्रमाणपत्राच्या दोन-तीन प्रमाणित प्रती लगेच मागून घ्या. पासपोर्ट, बँक आणि विमा या कामांना त्या लागतात.